मराठी माणूस नसलेली बाग

बडोद्यात मराठी माणूस येत नाही अशी बाग शोधायची, हे काम मी मागच्या हिवाळ्यात केलं. ऐकणाऱ्याला ते सोपं वाटेल. एवढं मोठं शहर, चारी बाजूंनी वाढत चाललेलं, त्यात आपली माणसं ती किती? पण आमच्या लोकांची एक खोड आहे. संस्थानाच्या काळात कुणाचा पणजोबा दप्तरात होता, कुणाचा खात्यात, कुणाचा शाळा तपासायला जात असे. संस्थान गेलं, त्या नोकऱ्या गेल्या, पण सकाळी ठरल्या वेळी हजर व्हायची सवय काही गेली नाही. हजर व्हायला कचेरी उरली नाही, म्हणून माणसं बागेत हजर होतात.

बाबाही चोवीस वर्षं असेच कमाटीबागेत हजर होत होते. फुलांच्या घड्याळापासून थोडं पुढे गेलं की एक बाक आहे. त्यावर आणि त्याच्या आसपास सकाळी साडेसहाला नऊ-दहा निवृत्त मंडळी जमतात. एक फेरी चालतात आणि दीड तास बसतात. याला ते फिरायला जाणं म्हणतात. कुणी दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशीला त्याच्या घरी जातात, सगळे एकदम.

दिवाळीच्या सुमारास बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुण्याहून माझा भाऊ आला, आठ दिवस राहिला आणि परत गेला. आम्ही गोत्रीला चौथ्या मजल्यावर राहतो, घरात बाबा आणि मी. मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं मीच बघायचं हे कुणी न ठरवताच ठरलं होतं. पडताना बाबांचा फोनही फुटला होता. मी तो दुरुस्त करून आणला आणि तो माझ्या पर्समध्येच राहिला. बाबा पडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यावर बाकावरच्या मंडळींचा फोन आला. "दिसले नाहीत हो. बरं आहे ना? येतो आम्ही."

मी म्हणाले, "बाबा पुण्याला गेलेत. दादाकडे."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण का म्हणाले ते मला नीट माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी आई आजारी होती तेव्हा रोज माणसं यायची. चिकू आणायची, आपापल्या डॉक्टरांची नावं सांगायची, त्यांच्या ओळखीत याच दुखण्याने कोण कसं गेलं तेही सांगायची, तेही आईसमोर. मी स्वयंपाकघरात चहा करत असायचे. आईचे शेवटचे पंधरा दिवस मी गाळणी हातात धरून काढले. ती गेल्यावर मी मनाशी म्हटलं होतं, हे पुन्हा नाही.

तर बाबा पुण्याला गेले. बाबांना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही. ते पलंगावर पडून असायचे, पलंग दिवाणखान्यातच टाकला होता. घरात कधी नव्हे ती शांतता होती आणि ती त्यांना मानवते आहे अशी मी समजूत करून घेतली. एकदाच त्यांनी त्यांच्या जवळच्या मित्राबद्दल विचारलं. तीस वर्षं दोघांची टेबलं कचेरीत शेजारी होती, निवृत्तीनंतर बाकावरची जागाही शेजारी. "तो नाही आला?" बाबा म्हणाले. तो मित्र मुलाकडे अमेरिकेला गेल्याचं मला बाकावरच्यांच्या पुढच्या एका फोनवर कळलं होतं. मी तसं सांगितलं. इतक्या दिवसांत एक तरी खरी गोष्ट सांगता आली म्हणून मला बरं वाटलं.

सहा आठवड्यांनी व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, "काका, घरमां नहीं, हवे खुल्लामां चालो. बे महिना रोज." म्हणजे आता बाहेर मोकळ्यावर चालायचं. मग मला बाहेर बोलावून तिने साफ सांगितलं की हाड सांधलंय, पण या दोन महिन्यांत चालले नाहीत तर पाय आखडेल आणि मग वॉकर काही सुटायचा नाही, कदाचित खुर्चीच येईल. बाबा घरात चालत नव्हतेच. पलंगापासून खिडकीपर्यंत जायचे आणि म्हणायचे, "झालं. आणखी कुठे जायचंय?" मला वाटलं, कंटाळा. म्हातारपणी माणूस आळशी होतो असं मी शाळेत दोघीतिघींना सांगितलंही.

आता बाग हवी होती, आणि जो माणूस पुण्याला आहे तो बडोद्यातल्या बागेत दिसून चालणार नव्हता. एक खोटं निभावायला दहा लागतात म्हणतात. मला बाग लागली.

कमाटीबागेचा प्रश्नच नव्हता. बाबांनी विचारलं तेव्हा मी तिथे फार चढउतार आहे, कुत्री आहेत, रविवारी गर्दी असते, असं सांगितलं. चोवीस वर्षं रोज तिथे जाणाऱ्या माणसाला मी तिथल्या कुत्र्यांविषयी माहिती देत होते. त्यांनी ऐकून घेतली.

माझी शाळा दुपारची. रोज सकाळी एकेक बाग तपासायला निघाले. सपाट वाट, थोड्याथोड्या अंतरावर बाक, गाडी फाटकाशी लावता येईल अशी जागा, आणि आपलं कुणी नको. फुलझाडांकडे मी पाहिलं नाही. फाटकाजवळ बसून नुसतं ऐकायचं. खरं म्हणजे ऐकायचीही फारशी गरज नसते. गुजराती मंडळी बागेत घोळक्याने येतात, मोठ्याने हसायचा व्यायाम करतात आणि नंतर डब्यातून काहीतरी खातात. आपला माणूस एकटा चालतो, हात मागे बांधून, आणि वाटेत एखादा नळ गळत असला तर थांबून त्याच्याकडे बघतो.

अलकापुरीतली बाग छोटी आणि छान होती. मी बसते न बसते तोच माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी आली आणि "इथे कशा तुम्ही?" म्हणाली. मी म्हटलं, सहज. अकोट्याला नदीपलीकडे पहिला अर्धा तास शुद्ध गुजरातीत गेला. मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात झुडपामागून एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, दहा फेऱ्या झाल्या ने? मग बस करा आता. जोडे आहेत ते जपून वापरा." बडोद्याचं ते 'ने' लावलेलं मराठी ऐकून मी तिथून निघाले. आमच्या गोत्रीतल्या बागेत आमच्याच सोसायटीतली माणसं होती. तिथे एक गृहस्थ गळक्या नळाकडे बघत होते. मी जवळ जाऊन खात्रीही करून घेतली नाही.

शेवटी भायलीच्याही पुढे, जिथे अर्ध्या इमारती अजून बांबूंच्या आत आहेत, तिथे एक नवी बाग सापडली. झाडं गुडघ्याएवढी, वाट गोल आणि सपाट, बाकांवरचा रंगही नवा. तीन दिवस ओळीने जाऊन बसले. मराठीचा एक शब्द कानी पडला नाही. एवढ्या आनंदाने मी आजवर कुठल्या बागेतून परतलेली नाही.

बाबांना गाडीत बसवून तिथे नेलं. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. "इथे कोण येतं?" म्हणाले.

"कुणी नाही. म्हणून तर आणलं."

ते वॉकर घेऊन पहिल्या बाकापर्यंत गेले आणि बसले. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. आठवडाभर पहिला बाक हीच आमची बाग होती. मी ओरडले, समजावलं, पाय आखडेल म्हणून धाक घातला. ते शांतपणे म्हणायचे, "आखडू दे. त्याला तरी कुठे जायचंय?" मला राग येत होता आणि रागाच्या तळाशी भीती होती. आई गेली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. आता पन्नास पूर्ण झाली. बाबा खुर्चीत बसले तर पुन्हा उठणार नाहीत, हे मला पायथागोरसच्या प्रमेयाइतकं स्पष्ट दिसत होतं.

नवव्या की दहाव्या दिवशी आम्ही त्या बाकावर बसलो होतो. फाटकातून एक चाकांची खुर्ची आत आली. खुर्चीत शाल, कानटोपी आणि चष्मा एवढंच दिसत होतं. ढकलणाऱ्या बाईने फाटकाशी थांबून आधी सगळ्या बागेवरून नजर फिरवली, आणि ती नजर मी ओळखली. बाग शोधताना मीही फाटकाफाटकांशी तशीच बघत होते. मग तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती बाबांच्या त्या, अमेरिकेला गेलेल्या मित्राची बडोद्यातली सून होती.

यात योगायोग काही नाही. दोन मराठी घरांनी एकसारख्याच अटी घालून बाग शोधली तर उत्तर एकच येणार.

तिला परत फिरता आलं नाही, कारण खुर्चीतल्या माणसाने हात वर केला होता. खुर्ची आमच्यासमोर येऊन थांबली. त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते एकेक शब्द ठेवत बोलले.

"काय हो. पुण्याहून, कधी आलात?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्याएवढ्या झाडांकडे बघत होते. बाबांनी तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, माहीत नसलेल्या विषयावर वेळ निभावून न्यायला ते शिकलेले आहेत.

"परवाच," ते म्हणाले. "आणि तुम्ही? अमेरिकेहून?"

आता त्या मित्राने सुनेकडे पाहिलं. ती शालीचं टोक नीट करू लागली.

"मी पण. परवा."

"प्रवास कसा झाला?"

"बसून, बसून, पाय धरले."

"माझेही," बाबा म्हणाले आणि वॉकर धरून उठले. "चला, एक फेरी मारू."

ते चालू लागले. शेजारी खुर्ची. पुण्यात थंडी कशी आहे, अमेरिकेत बर्फ पडला का, मुलं वेळ देतात का, सगळं रीतसर विचारून झालं. दोघांनीही एकमेकांना वॉकर का आणि खुर्ची का हे विचारलं नाही. पहिला बाक मागे पडला, दुसरा पडला. मी बाक मोजत होते. पाचव्या बाकाशी बाबांना धाप लागली. ते उभ्याउभ्या थांबले, बसले नाहीत, आणि पुन्हा निघाले. पूर्ण फेरी झाली. सून मला हळूच म्हणाली, "ताई, कुणाला सांगणार नाही ने तुम्ही?" मी म्हटलं, मी कुणाला आणि काय सांगणार.

परतताना गाडीत बाबांनी आधी पट्टा लावून घेतला. मग समोर बघत त्यांनी विचारलं, "मी पुण्याला केव्हा गेलो?"

"भाऊबीज झाल्यावर."

"किती दिवसांसाठी?"

"ते ठरलं नव्हतं."

"बाकावर सगळ्यांना असंच सांगितलंस?"

"हो." मग मी भराभर बोलत सुटले. आईच्या वेळची माणसं, ते चिकू, ते सल्ले. म्हटलं, तुम्हाला त्रास नको म्हणून केलं. म्हटलं, आईला किती त्रास झाला ते आठवा.

"तुझी आई माणसं आली की उठून बसायची," बाबा म्हणाले. "एरवी बसत नव्हती. तू आत असायचीस, तुला दिसलं नसेल."

मला ते खरंच दिसलं नव्हतं. बाबांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता.

"मी रोज दाराकडे बघायचो," ते म्हणाले. "बेल वाजली की दूधवाला, नाहीतर ती व्यायामवाली. मनात म्हटलं, चोवीस वर्षं ज्यांच्याबरोबर बसलो त्यांच्यातलं कुणी जिना चढून आलं नाही. एवढी लिफ्ट आहे तरी आलं नाही. म्हणजे आपणच माणूस म्हणून काही बरे नसणार. मग म्हटलं, आता पाय बरा करून तरी जायचं कुणाकडे?"

मी गाडी कडेला घेतली. रडताना रस्ता नीट दिसत नाही. बाबा थोडा वेळ काचेतून बाहेरच्या भाजीच्या गाड्यांकडे बघत बसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांनी दहावीच्या निकालानंतर ठेवला नव्हता.

"झालं की निघू," ते म्हणाले. "तुला शाळेला उशीर होतोय."