ओली सुकट

कनेरगाव नाक्याच्या बाजारात सुकट विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. माप भरलं की ती वर हमखास एक मूठ टाकायची, आणि टाकताना गिऱ्हाइकाकडे बघायची नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी तिथं नवा मास्तर. मला आणि माझ्या मांजरीला मिळून दिवसाला एक घागर पाणी. ते वाचावं म्हणून मी तिला कोरडी सुकट घालायचो. मग ती कण्हायला लागली, लघवीच होईना. बाजारात सहज बोललो, तसं बाईनं माप खाली ठेवलं.

"कोरडंच घालून राहिले व्हय, गुरुजी? मांजर पाणी मागत न्हाई. तिला पाणी खाऊ घालावं लागतंय."

तिनं पळसाच्या पानावर सुकट घेतली आणि आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी तीवर ओतलं. तांब्यात घोटभरच उरलं. मी नको म्हणालो.

"मला तोंड हाय. मी मागून पिईन."

आजही मांजरीचं खाणं भिजवताना मला तो तांब्या आठवतो.

पुढच्या बाजारी जो तो विहिरीला किती पाणी उरलं ते विचारत होता. तिनं मात्र लांबूनच मला विचारलं, "मुतली का?"

आणि मी, शाळेचा मास्तर, भर बाजारात ओरडलो, "मुतली, मावशी, मुतली!"