मोरीमागचे बटाटे

गिरणी बंद पडल्यापासून बाबा दिवसभर घरात असायचे, आणि घर म्हणजे घाटकोपरच्या चाळीतली एक खोली. आमटीत मीठ किती घालायचं, मी वेणीला किती वेळ लावते, सगळ्यात त्यांचं लक्ष. माझं डोकं फिरायचं.

दिवाळीनंतर आईने टोपलीतले कोंब आलेले बटाटे त्यांच्यापुढे ठेवले. "मोरीमागे जागा आहे, लावून बघा ना." आमच्या कोकणातल्या गावी भात, नाचणी पिकायची. बटाटा कोणी कधी लावला नव्हता. पण बाबा उठले. कोंबासकट तुकडे करून त्यांनी ते मातीत पुरले आणि तेव्हापासून ते बाहेरच रमले. खोलीत आई आणि मी पुन्हा मोठ्याने हसायला लागलो.

शिवरात्रीच्या सुमारास पानं पिवळी पडली, झाडं आडवी झाली. "वाट लागली," म्हणत बाबा आत येऊन बसले आणि त्याच दुपारी मिठाच्या बरणीवर त्यांची नजर परत आली.

दुसऱ्या दिवशी आई वैतागून ती मेलेली झाडं उपटायला गेली, तर मुळांबरोबर बटाटे वर आले. सुपारीएवढे, पण बटाटेच. बाबा धावत आले आणि मातीत बसून बोटांनी आणखी चाचपायला लागले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

त्यांनी हात धुवायच्या आत आईने विचारलं, "आता इथे काय लावणार?"

"मिरच्या," बाबा म्हणाले.

आई आत आली आणि आमटीत तिने स्वतःच्या अंदाजाने मीठ घातलं.