चिखलातली चाचणी

जुलैतला मंगळवार, सकाळ. दवनीवाड्याजवळच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, हजर: नवोपक्रम योजनेचे जिल्ह्याचे अधिकारी, आमच्या शाळेतल्या दोन विद्यार्थिनी, रोवणीला आलेल्या एक काकू आणि मी, मुलींची विज्ञान शिक्षिका.

मुलींनी बनवलेल्या, धानाच्या रोपांच्या पेंढ्या वाहणाऱ्या गाडीला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. ती शेतात चालली तरच योजनेची मदत मिळणार होती. आम्ही मात्र सगळ्या चाचण्या शाळेच्या फरशीवर घेतल्या होत्या. चिखलात चाकं रुतली. मुली माझ्याकडे बघेनात.

काकू कंबर सरळ करत म्हणाल्या, "मॅडम, चिखलात चाकं कायले लावता? बोदलकशाच्या तलावातल्या डोंग्यावानी सपाट बूड लावा, घसरत जाईल."

अधिकारी हसले नाहीत. बूट काढून बांधीत उतरले, गाडी स्वतः ओढून पाहिली. "नाकारत नाही. बूड बदला, मी पुन्हा येतो."

चार दिवसांनी ते खरंच आले. गाडी घसरत गेली आणि त्यांनी तिथेच शिफारस लिहिली. काकू आणि अधिकारी, दोघांचेही उपकार मोठे आहेत.

मदतीच्या अर्जात काकूंचंही नाव घाला, असं अधिकाऱ्यांनीच सांगितलं. काकू म्हणतात, "रोवणी निपटू द्या आधी." बाकी कागद तयार आहेत. त्यांची सही तेवढी घ्यायची आहे.