गरम टायरातलं वारं

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. लोक म्हणतात, मोटारीच्या अपघाताने. मोटारीने नव्हे, माझ्या बी.एस्सी.ने.

अण्णा इंटरला दोनदा नापास झालेला, तंजावरच्या एका भाताच्या गिरणीत इंजिन सांभाळणारा. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो, घरातला पहिला पदवीधर. धाकट्याने थोरल्याला उलटून बोलू नये ही आमच्या तंजावरी मराठी घरची रीत, पण माझ्या पदवीने ती केव्हाच मोडली होती. शंका कसलीही असो, आमचे वडील, अप्पा, माझ्याकडे बघत. अण्णाकडे बघत ते छडी उचलतानाच, आणि तो तिशीला आला तरी ती छडी काही त्याला चुकली नव्हती.

विलायतेला परत निघालेल्या एका मळेवाल्या साहेबाकडून अण्णाने जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली. सहा महिने ती उघडली, पुसली, जोडली. मद्रासजवळ एका जुन्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत. तिथे आयुष्यात एकदा उतरायचं, एवढंच त्याचं मागणं. शर्यत आठवड्यावर आली तेव्हा एकच गोष्ट ठरायची राहिली होती. टायरांत वारं किती?

गाडीच्या पुस्तकात आकडे होते. नेहमीसाठी पुढे अठरा पौंड, मागे वीस. वेगात लांब पळवायची तर चारी चाकांत सहा-सहा जास्त. आणि मोजायचं ते टायर थंड असताना. अण्णाने सकाळी, ऊन तापायच्या आत, चोवीस आणि सव्वीस भरले. मग गाडी पळवून बघायला आम्ही दोघे कुंभकोणमच्या रस्त्याने निघालो.

पापनाशमला थांबलो तोवर डांबर भाजत होतं. मी गेज लावला. पुढे एकोणतीस, मागे एकतीस! माझं डोकंच फिरलं.

"फुटतील! काढ वारं."

"गरम असतांना काढूं नको म्हणून पुस्तकांत आहे रे. ते चढणारंच. ते धरूनच आंकडे दिल्यात."

"पुस्तक विलायतेतल्या थंडीसाठी आहे. उष्णतेनं दाब वाढतो, हें मी रोज शिकवतों. तूं मला शिकवतोस?"

"चाक मला बोटाला कळतं. पोदुम, उगे बस."

पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. मी त्याच्या कानाखाली लगावली. भर बाजारात, बसची वाट बघणाऱ्या माणसांदेखत, थोरल्या भावाला. त्याने माझी मान पकडली. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. त्याचा शर्ट फाटला, ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. पुस्तक हिसकावून मी ते पान टराटरा फाडलं, त्याचा हात पिरगळला आणि तापलेल्या बॉनेटवर त्याला दाबून धरलं. तेव्हा कुठे तो सैल पडला. मार खाऊन नव्हे. शिकलेला माणूस बरोबर असतो, असं त्याला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं, आणि त्या क्षणी त्याने ते मानलं.

मी वाल्वच्या पिना दाबल्या. गरम वारं फुसफुसत बाहेर आलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, जिंकल्याचा आनंद झाला. गेजवर अठरा आणि वीस दिसल्यावरच थांबलो. टायर थंड झाल्यावर त्यात किती उरेल, आणि मऊ टायर पळताना उलट जास्तच तापतो, एवढी साधी गोष्ट पदार्थविज्ञानाच्या मास्तराला सुचली नाही.

कापणीचे दिवस होते. आमच्याकडे भाताच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावरच पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मळणी होते. अण्णाने वेग वाढवला, बहुधा रागानेच. वळणावर गाडी डुलू लागली.

"चाक बसतंय रे," तो म्हणाला.

"चालव," मी म्हणालो.

पेंढ्या ओलांडल्या आणि मागचा उजवा टायर फुटला. मी उडून शेतातल्या चिखलात पडलो. गाडी उजवीकडे कलंडली, आणि अण्णाचा हात तिच्याखाली सापडला. त्याचं ते ओरडणं मी अजून विसरलेलो नाही.

मळणीची माणसं धावत आली. सर्वांत आधी पोचलेल्या म्हाताऱ्याचा मी गळाच धरला. "तुझ्या पेंढ्यांनी केलं हे!" दोघांनी मला ओढून बाजूला केलं. गाडी उचलायला पहिला खांदा त्या म्हाताऱ्यानेच दिला. अण्णाला सावलीत निजवल्यावर त्याने एका धड टायरावर अंगठा दाबला, आणि टायर खोल दबला.

"माझ्या बैलगाडीच्या रबरी चाकांतसुद्धा याहून जास्त वारं असतं, सामी," तो तमिळमध्ये म्हणाला. त्याच्या गळ्यावर माझी बोटं उमटली होती. अण्णा शुद्धीवर होता. त्याने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

हाताला प्लॅस्टर घालून घरी आणलं तेव्हा अप्पा दारातच उभे होते. "कसं फुटलं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलला. "मींच वारं काढलों."

छडी त्याच्या पाठीवर पडली. एकदा, दोनदा, पाचदा. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. याला भेकडपणाच म्हणतात.

गाडी भंगारात गेली. शर्यत झाली, आम्ही ती पेपरात वाचली. पुढे एकदा मी त्याला विचारलं, खोटं का बोललास म्हणून. तो गिरणीच्या पट्ट्याला तेल लावत होता, डाव्या हाताने.

"घरांत एक तरी शहाणा असूं दे रे."

अप्पा गेले त्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "थोरल्याला अक्कल नाहीं. त्याला संभाळ," म्हणाले. अण्णा पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होता.

मी म्हणालो, "हो, अप्पा."