बीमखाली कोण झोपणार?

जालना जिल्ह्यात ज्या घरात माणसं निवांत घोरतात, ते घर आमच्या साडूभाऊंनीच डिझाईन केलेलं असतं, असं माझी बायको म्हणते. मीही इंजिनिअरच आहे, बदनापूरला माझंही ऑफिस आहे. पण मी बांधलेल्या घरांत कोण कसं घोरतं, याची चौकशी तिनं कधी केलेली नाही.

साडूभाऊंना प्लॉटवर नेलं की ते आधी चपला काढतात आणि चुन्याच्या रेघांमध्ये, भर उन्हात, चक्क आडवे होतात. डोळे मिटून विचारतात, "म्हातारीची खाट कुठं पडणार?" बीमखाली झोपलं की छातीवर ओझं येतं, ही आपल्याकडची समजूत. मी ती हसण्यावारी नेतो, हे गृहस्थ तिच्यावर आकडेमोड करतात. आधी खाटा, मंग खांब, आणि बीम किती इंची ते सगळ्यात शेवटी. एका लग्नात तर "हा बीम लई बारीक हाये," म्हणून त्यांनी हॉलमध्ये वाढलेली पंगत उठवून बाहेर मांडवात नेली. तो बीम अजून धडधाकट आहे, तरी लोक म्हणतात, त्यांनी वाचवलं! मी उठवली असती तर शिव्या खाल्ल्या असत्या.

सासऱ्यांनी टेंभुर्णीत घर बांधायला काढलं तेव्हा मी ठरवलं, हे काम माझंच. रंगीत नकाशा काढला. मधल्या खोलीत मधोमध बीम, हिशेब चोख. साडूभाऊ आले, आडवे झाले, उठले. "भिंत इकडं सरकवा, बीम तिच्या डोक्यावर जाऊ द्या." सासरे मला म्हणाले, "जावईबापू, तुमचं बराबर हाये, पण यांनी झोपून पाह्यलं ना!" काम गेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

यंदा धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांना त्याच घरी जेवण होतं. पुरणाचे धोंडे रिचवून दुपारी मधल्या खोलीत दोन गाद्यांवर पडलो. वर कोरा स्लॅब. राहवेना, विचारलंच, "भिंत कशापायी सरकवली हो?"

"आपण दोघं इथंच झोपणार. बीम मधी असता तर एकाला त्याच्याखाली यावं लागलं असतं. तुम्ही धाकटे, लोकांनी तुम्हालाच ढकललं असतं."

एवढं बोलून ते घोरायला लागले. मी स्लॅबला तडा शोधत राहिलो. मेला एक सापडेल तर शपथ! छातीवर ओझं म्हणून नव्हतं, त्याचाही राग आला. मग कधी डोळा लागला, कळलं नाही. बायको सांगते, मी साडूभाऊंपेक्षा मोठ्यानं घोरत होतो. आजवर एवढ्या एकाच गोष्टीत तिनं मला त्यांच्या वर ठेवलंय.