बापाच्या धोतराची वाकळ

वाटूरच्या फाट्यावर एसटी आली तेव्हा माय धावतच आल्ती. काखेत वाकळ, जुन्या कपड्यांवर कपडे शिवून केलेली. "थंडीत पांघर. तुह्या बापाचं धोतर हाये आत. एकलं वाटायचं न्हाई." बाप जाऊन सहा महिने झाले होते. बसमधले लोक बघून राह्यले होते. मला त्या जुनेराची लाज वाटली, मी ते सीटखाली कोंबलं.

ते त्र्याहत्तर साल. वेरूळला लेण्यांजवळ एका शेटजींच्या दुकानात लागलो. दगडी मूर्ती, शाली, आणि 'येस मॅडम, व्हेरी ओल्ड' एवढं इंग्रजी. राहायचोही तिथंच. एक दिवस एका गोऱ्या मॅडमना माझं अंथरूण दिसलं. मायच्या टाक्यांवरून त्या हात फिरवत राहिल्या. विकायची नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उचकटलं नाही. शेटजींची भीती वाटली म्हणू? साफ खोटं. मॅडमना आवडली म्हणून मीच फुगलो होतो. घडी घालून मोटारीपर्यंत नेऊन दिली, मी हरामखोरानं!

मंग मॅडमची मागणी आली, तशाच वीस पाहिजेत. मी रुबाबात गावी गेलो. उन्हात मजुरी करणाऱ्या आमच्या आळीतल्या बाया सावलीत बसून शिवायला लागल्या. पोरानं गावाचं नाव काढलं म्हणाल्या. पाहुण्यांना जुनेर कसं द्यायचं, म्हणून मायनं नवं कापड आणलं होतं.

"नवं नको माय. त्यांना अंगावर वापरलेलंच लागतं."

तिची सुई थांबली. "तुला कसं ठावं? तुह्यी बघितली का त्यांनी?"

मी नव्या कापडाची घडी घालायला लागलो.

"इकली व्हय रे?"

मी हो म्हणून मान हलवली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "जाऊ दे, बायांना काम तर लागलं," म्हणाली. मंग उठून पेटी उचकली, तळापर्यंत. "दुसरी दिली असती शिवून. पण तुह्या बापाचं आता काहीच न्हाई उरलं रे."

आता औरंगाबादेत माझी खोली आहे, विकतची रजई आहे. गावात राहिलेल्यांनो, वाकळीचा धंदा मी आणला म्हणून तुम्ही मला मान देता. नका देऊ. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मायनं काखेत दिलेलं जपा. घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी वाटूर सांगतो. पण माझं घर कुठल्या तरी परक्या देशात आहे, आणि ते पांघरणाऱ्याला माझ्या बापाचं नावसुद्धा ठाऊक नाही.