रविवारची पाटलीण

सहल मीच ठरवली. भिशीतल्या बायकांना वाटलं, हिला जुन्या वस्तूंची भारी हौस. मला कसली हौस? जातं मी लहानपणी ओढलंय, ते बघायला तिकीट काढून कोण जाईल? मला एका बाईला बघायचं होतं.

सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून आत, माळावर कोणीतरी जुनं खेडं उभं केलंय. मातीची घरं, चावडी, मोट, लोहाराचा भाता. नुसत्या वस्तू मांडल्या नाहीत, माणसंही ठेवलीत. लोहार खरंच लोखंड ठोकतो, कुंभार चाक फिरवतो आणि ओसरीवर पाटील बसतो. तो पाटील म्हणजे आमचे हे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर घरात पेपर वाचत पडलेले असायचे. कोणीतरी ह्यांच्या मिशा बघितल्या आणि फेटा बांधून तिथे नेऊन बसवलं. मला बरंच वाटलं, दिवसभर घर मोकळं. पाटील आला म्हणजे पाटलीण आलीच, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मग भिशीच्या ग्रुपवर एकीच्या भाचीने व्हिडिओ टाकला. हे पाटावर जेवायला बसलेत आणि लुगडं नेसलेली एक बाई वाढतेय. भोवतीचे लोक म्हणतात, पाटलीणबाई, नाव घ्या. एरवी ती पाटलाचं ठरवून दिलेलं खोटं नाव घेते म्हणे. त्या दिवशी ह्या आगाऊ भाचीने पुढे होऊन ह्यांचं खरं नाव सांगितलं. बाईने पदर सावरला आणि म्हणाली, "खापरावरची पोळी हातभर, अमुकरावांचं नाव घेते घरभर." अमुकराव मी लिहिलंय, तिने चांगलं खणखणीत नाव घेतलं. मी ते लग्नात घेतलं आणि नंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तेही दहा जणींनी आग्रह केल्यावर.

टाळ्या पडल्या. मग ह्यांनी मिशीतल्या मिशीत हसून तिला विचारलं, "पाटलीनबाई, तुम्ही जेवन्यात का?"

ती मान खाली घालून म्हणाली, "तुम्हनं व्हऊ द्या."

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी वाटलं, राग नावाचा आहे. व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितल्यावर कळलं की नाव गेलं चुलीत, मला तो 'जेवलात का' प्रश्न झोंबला होता. आमच्या घरात तो मी कधी ऐकला नव्हता. मी वाढायचं, ह्यांनी जेवायचं आणि हात धुऊन उठायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे जिथे विकत होतं, तिथेच पिकायला लागलं होतं. बरं, ती माझ्याहून वयाने मोठी, पुढचा एक दात पडलेला. देखणी असती तर मी समजून तरी घेतलं असतं.

मी भिशीत सहलीचा विषय काढला. एकजण लगेच म्हणाली, "सवत बघायला न्यायचंय म्हणा की." सगळ्या हसल्या, मीही हसले. क्रूझर गाडी ठरली. जेवण तिथेच मिळतं, खापरावरची पोळी असते, असं एकीने सांगितलं. मी म्हटलं, छे, आपण भरीत करून नेऊ, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी नेऊ. तिच्या हातचं खायला मी जाणार नव्हते. वांगी तुरीच्या काड्यांवर मी स्वतः भाजीन, असंही कबूल करून बसले. सगळ्यांनी नऊवारी नेसायची ही कल्पनाही माझीच. कोणाच्या अंगावर ती शोभते ते दिसलं असतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "रविवारी येऊ नका, गर्दी राहते." झालं, मी रविवारच पक्का केला. भाकरी थापताना उखाणा पाठ करत होते. लोक नाव घ्या म्हणाले की आपण उठायचं आणि तिच्याआधी घ्यायचं, असा माझा बेत होता.

रविवारी आम्ही ओसरीसमोर सतरंजीवर बसलो. हे पाटावर, ती वाढतेय. नाव घ्या म्हणून लोकांनी सुरुवात केली आणि मी उठायच्या आत भिशीतली एक बोलली, "अहो, ह्यांची बायको इथे बसलीय."

ती बाई वाढायची थांबली. माझ्याकडे बघून मनापासून हसली आणि हातातली पळी माझ्यापुढे धरली. "खरी पाटलीन तं हाई शे. या अक्का, आठे बठा."

मी जाऊन बसले. उखाणा घेतला, अडखळले नाही, टाळ्याही पडल्या. पण माझ्या नवऱ्याशेजारची जागा मला तिने दिली होती, आणि ते मला गिळवत नव्हतं. तरी मी थांबले. पुढचं वाक्य पाटलाचं होतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, फेटा नीट केला, हात धुतले आणि लोकांना मोट दाखवायला निघून गेले.

भरीत छान झालं होतं असं सगळ्या म्हणाल्या. मला चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे सुट्टी होती. मी ह्यांना वाढलं आणि विचारलंच, "तिले रोज इचारतस, जेवन्यात का. माले कधी इचारं?"

ह्यांना खरंच नवल वाटलं. म्हणाले, "तठे बोलनं पडस. ठरेल शे ते." तिथे बोलावंच लागतं म्हणे, ठरलेलं वाक्य.

"मंग आठेबी ठराई ल्या," मी म्हटलं.

ह्यांनी जेवण उरकलं. हात धुतले, पंच्याला पुसले. मग स्वयंपाकघराच्या दारात थांबून तसंच मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "जेवनी का तू?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच वाक्य. पण सूर तिथला होता, तिच्यासाठी घोटलेला.

"व्हई गये मनं," झालं म्हणून मी सांगून टाकलं.

बरं म्हणून हे पेपर घ्यायला वळले. ओट्याकडे नुसतं बघितलं असतं, तरी माझं कोरडं ताट अजून पालथंच दिसलं असतं.